बाहेरून जोडलेलं ग्राफिक्स कार्ड अर्धंच चालतंय, गेम अडखळतात – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

नोकरीमुळे पुणे-नाशिक सतत ये-जा असते, त्यामुळे डेस्कटॉप घेणं जमत नाही. लॅपटॉप हलका, ऑफिसच्या कामाचा आहे: इंटेल आय५-१२४०पी प्रोसेसर, १६ जीबी रॅम, थंडरबोल्ट ४ पोर्ट (बाहेरची उपकरणं वेगाने जोडायचा). मावसभावाने पीसी बदलला तेव्हा त्याचं आरटीएक्स ३०६० (१२ जीबी) ग्राफिक्स कार्ड मला दिलं. कार्ड बाहेरून जोडायचा थंडरबोल्ट ३ चा एक सेकंडहँड बॉक्स घेऊन त्यात ते बसवलं.

कार्ड लगेच ओळखलं गेलं, ड्रायव्हरही नीट बसला. पण 'सायबरपंक २०७७' हा गेम लॅपटॉपच्याच स्क्रीनवर १०८०पीला (१९२०×१०८० रिझोल्यूशन) खेळतो तेव्हा कार्डाचा वापर ५०-६० टक्क्यांच्या पुढे जात नाही. एका जागी उभं राहिलं की सगळं छान. गेममधल्या जपानटाउनमधून गाडी जोरात नेली की मात्र फ्रेम (सेकंदाला दिसणारी चित्रं) एकदम कोसळतात, चित्र क्षणभर थिजतं आणि पुढे उडी मारतं. सेटिंग हाय वरून मीडियमला आणली तरी फरक जवळपास शून्य! डीडीयू या सॉफ्टवेअरने जुने ड्रायव्हर साफ करून झाले, पॉवर प्लॅनही बदलून पाहिला.

दोष केबलचा, प्रोसेसरचा की आणखी कशाचा? वेगळा मॉनिटर घेतला तर खरंच फरक पडेल का? ऑक्युलिंकबद्दलही (कार्ड बाहेरून जोडायची दुसरी, जास्त वेगवान पद्धत) बरंच वाचतोय. पैसे एकदाच घालायचे आहेत, जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावं.

प्रतिसाद १

कार्ड उत्तम आहे, काळजी करू नका. १२ जीबी मेमरी ही तर तुमची जमेची बाजू. ८ जीबीचं कार्ड भरलं की उरलेला डेटा लॅपटॉपच्या रॅममधून केबलवाटे ओढावा लागतो, आणि मग खेळणं अशक्य होतं.

पीसीमध्ये हे कार्ड पीसीआयई ४.० (मदरबोर्डवरची कार्डाची जोडणी) च्या १६ लेनवर, म्हणजे डेटाच्या मार्गिकांवर बसतं, म्हणजे सेकंदाला सुमारे ३२ जीबीची वाट. थंडरबोल्ट ३ वर कागदोपत्री ४ जीबी, प्रत्यक्षात तीनच्याही खाली. त्यात चित्र लॅपटॉपच्या स्क्रीनवर दाखवायचं तर तयार झालेली प्रत्येक फ्रेम त्याच केबलने परत यायला हवी. १०८०पीची एक फ्रेम साधारण ८ एमबीची. ६० फ्रेमला सेकंदाला ५०० एमबी झाले. जायची-यायची वाट वेगळी असली तरी ही कॉपी फुकट होत नाही.

मॉनिटर घेण्याआधी घरचा टीव्ही वापरून बघा. एचडीएमआय केबल लॅपटॉपला नाही, थेट कार्डाला लावा, टीव्हीचा गेम मोड चालू करा आणि विंडोजमध्ये 'फक्त दुसरी स्क्रीन' निवडा. मग रिझोल्यूशन वाढवा. फ्रेम तेवढ्याच राहिल्या तर कार्ड मोकळं आहे, अडलंय ते प्रोसेसरपाशी किंवा केबलपाशी. म्हणूनच बाहेरच्या कार्डावर १०८०पीपेक्षा १४४०पीला खेळणं परवडतं: कार्डाचं काम वाढतं, केबलवरचा भार त्या मानाने वाढत नाही.

प्रतिसाद २

वरच्यांशी सहमत. ऑक्युलिंकला ६४ जीबीपीएस (गिगाबिट, म्हणजे सेकंदाला सुमारे ८ जीबी) मिळतात हे खरं, पण तुमच्या लॅपटॉपला तो पोर्ट नसेल तर एम.२ स्लॉटमधून (एसएसडी बसवायची आतली जागा) तार बाहेर काढावी लागते. पातळ लॅपटॉपला बहुधा एकच स्लॉट असतो आणि त्यात एसएसडी असते. शिवाय ते चालू असताना काढ-घाल करता येत नाही. रोज बॅग भरून निघणाऱ्याने त्या वाटेला जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत.

केबल किती लांब आहे? थंडरबोल्ट ३ च्या साध्या लांब केबल २० जीबीपीएसवर येतात. अर्ध्या मीटरची वापरा.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार! केबल आखूडच आहे. टीव्ही जोडून पाहिला आणि फरक लगेच जाणवला: कार्डाचा वापर बराच वर गेला, चालताना-लढताना खेळ एकदम सुरळीत. १०८०पी वरून १४४०पीला नेल्यावर फ्रेम जेमतेम कमी झाल्या. गाडी चालवताना अजून अडखळतं, पण रस्त्यावरच्या गर्दीची सेटिंग लो केल्यावर तेही कमी झालं, म्हणजे प्रोसेसरचाही वाटा आहेच. बॉक्स नाशिकच्या घरीच ठेवून तिथे १४४०पी मॉनिटर घ्यायचं ठरवतोय. या कार्डाला १४४ हर्ट्झचा (सेकंदाला १४४ फ्रेम दाखवणारा) घेण्यात अर्थ आहे, की ७५ हर्ट्झ पुरे?