जळक्या ऑइलचं काय करू? साहेब म्हणतात झाडं लावा

हिंगणा_स्टोअर
राजेहो, मी हिंगणा एमआयडीसीतल्या एका कंपनीत स्टोअर सांभाळतो. आमचे डंपर, डोझर, ड्रिल मशीन उमरेडकडच्या कोळसा खाणींत भाड्यानं चालतात. मोठं काम निघालं की गाडी इकडं वर्कशॉपात येते. आता एका टेंडरमध्ये आयएसओ १४००१ चं, म्हणजे पर्यावरण व्यवस्थापनाचं, प्रमाणपत्र मागितलंय, म्हणून 'पर्यावरण प्रतिनिधी' असं माझं नाव बोर्डावर लागलं. पगार तोच.

काम काय दिलं? ५ जूनला कडुनिंबाची रोपं लावायची, फोटो काढायचे आणि पर्यावरण धोरण फ्रेम करून गेटवर टांगायचं. टांगलं. त्याच गेटातून भंगारवाला जळकं ऑइल, म्हणजे गाड्यांतून काढलेलं वापरलेलं ऑइल, भरून नेतो. रोखीचा व्यवहार, पावती नाही. उरलेलं कोणी ना कोणी कॅनमध्ये नेतो, सेंट्रिंगच्या पाट्यांना लावायला. वॉशिंग रॅम्पचं पाणी सरळ नालीत, आणि आमच्याकडचे नाले पावसाळ्यात अंबाझरी तलावाकडे धावतात हे नागपूरकराला सांगायला नको.

साहेब माणूस वाईट नाही. म्हणतात, "आपण खाण थोडीच खोदतो? आपण सर्व्हिसवाले. प्रदूषण खाणवाल्याचं." मला हे पटून नाही राहिलं, पण उत्तरही सुचत नाही. ऑडिटर आला तर नेमकं काय दाखवू?

कन्हानकाठ
भाऊ, खाणवाल्याचा इथं संबंधच नाही. कचरा ज्याच्या आवारात निघाला, जबाबदारी त्याची. २०१६ च्या घातक कचरा नियमांची पहिली अनुसूची काढा. वापरलेलं ऑइल ५.१ वर आहे, तेलकट चिंध्या ३३.२ वर. ऑइल फक्त परवानाधारक रिसायकलरलाच देता येतं, तेही फॉर्म १० च्या मॅनिफेस्टसोबत, म्हणजे माल कुठून कुठं गेला त्याच्या कागदासोबत. त्याच्या सात रंगांच्या प्रती असतात. पांढरी प्रदूषण नियंत्रण मंडळाला, पिवळी तुमच्याकडं, आणि माल पोचला की घेणारा निळी तुम्हाला परत पाठवतो. शहाणा ऑडिटर तीच मागतो. निळी नाही म्हणजे ड्रम गेटाबाहेर पडल्यावर कुठं गेला ते कागदावर कुणालाच ठाऊक नाही.

साठवण ९० दिवसांपेक्षा जास्त नको. वार्षिक विवरण फॉर्म ४ वर, ३० जूनपर्यंत. मंडळानं तुम्हाला दिलेल्या संमतीपत्रात जळक्या ऑइलचा आकडा लिहिलाय का, तेही बघून घ्या.

आणि खरी गोष्ट म्हणजे तुमचंच खरेदी रजिस्टर. नवीन ऑइल किती आलं, टॉप-अपला (कमी झालेलं भरायला) किती गेलं, जळकं किती बाहेर पडलं. हे तीन आकडे शेजारी मांडले की चोरी, गळती सगळं दिसतं. हे काम साहेबांचं नाही, स्टोअरचंच आहे. रोपं लावा ना, नाही कोण म्हणतं!

होजपाईप
वरचं सगळं बरोबर, पण कागदवाल्यांना एक समजत नाही. दोन ड्रमसाठी रिसायकलर गाडी पाठवत नाही, आणि भंगारवाला फोन केला की हजर. आम्ही शेजारच्या शेडवाल्यांसोबत एकच दिवस ठरवतो. गाडी एक, मॅनिफेस्ट ज्याचं त्याचं.

दुसरं, वर्कशॉप सोडा, साईटवर बघा. मी मेकॅनिक आहे. हायड्रॉलिक होज फुटला की टाकीतलं ऑइल बघता बघता मातीत जातं, आणि खाणीत कोण विचारतो? जुने होज फुटायच्या आधी बदलले तर अर्धी कटकट मिटते. साईटच्या गाडीत ट्रे आणि भुशाचं पोतं ठेवा. तेल प्यायलेला भुसा मात्र कचऱ्याच्या ढिगावर फेकू नका, तोही घातक कचऱ्यातच जातो. फिल्टर फेकण्याआधी रात्रभर उलटा ठेवून निथळवा. आणि रॅम्पला ऑइल ट्रॅप, म्हणजे पाण्यातलं तेल अडवणारी टाकी, बांधलाच तर वरचा तवंग काढायचं काम एकाच्या नावावर टाका, नाहीतर पहिल्या पावसात तो भरून वाहतो.

हिंगणा_स्टोअर
धन्यवाद दोघांनाही. तीन आकडे मांडले. टॉप-अप धरूनही मेळ बसून नाही राहिला, आणि फरक लहान नाही. साहेबांना निळ्या प्रतीचं सांगितलं, तर पहिला प्रश्न, "रिसायकलर भाव काय देतो?"

कन्हानकाठ
भंगारवाल्यापेक्षा कमीच देईल, पण बिल देईल आणि पैसे कंपनीच्या खात्यात येतील. आतापर्यंतची रोकड कुणाच्या हातात जात होती, हे साहेबांना माहीत आहे का?