लिब्रेऑफिस पुन्हा टाकलं, तरी जुनी सेटिंग्ज जाईनात

प्रश्न: दुकानाच्या विंडोज १० पीसीवर लिब्रेऑफिस (ऑफिसच्या कामाचं सॉफ्टवेअर) काढून नव्याने टाकलं. त्यातल्या रायटरचा टूलबार तरीही गायबच! थंडरबर्ड हे ईमेलचं सॉफ्टवेअरही पुन्हा टाकलं, तर जुनं बंद खातं पासवर्ड मागत हजर. मुळापासून साफ कसं करू?

– अनइन्स्टॉलने प्रोग्राम जातो, प्रोफाइल (तुमच्या सेटिंग्ज-डेटाचं फोल्डर) राहतं. लिब्रेऑफिसचं इथे सापडेल, फोल्डरात फोल्डर: अ‍ॅपडेटा, रोमिंग, लिब्रेऑफिस, ४, यूजर. (४ पासून पुढची आवृत्ती कुठलीही असो, फोल्डर ‘४’च.) लिब्रेऑफिस बंद करून ‘यूजर’चं नाव बदला, उघडताच नवं बनेल.

– एवढ्यासाठी अनइन्स्टॉल कशाला? लिब्रेऑफिसच्या हेल्प मेनूतून सेफ मोड, तिथे फॅक्टरी रीसेट (सगळं मूळ स्थितीत).

– थंडरबर्डचं प्रोफाइल मात्र उडवू नका. पॉप खात्याच्या (मेल सर्व्हरवरून पीसीवर उतरवणाऱ्या) मेल त्यातच असतात; सर्व्हरवर प्रत नसेल तर बसा बोंबलत.

– टूलबार आला! खातं पॉपचंच निघालं, सगळी जुनी बिलं त्यात. आधी पेनड्राइव्हवर कॉपी घेतो.