कूपर्स पेल एलच्या तळाशी साका आहे, चव कशी पारखायची?

अ‍ॅडलेडवासी:
मंडळी, इथे ऑस्ट्रेलियात अ‍ॅडलेडला आल्यापासून जो तो हिरव्या लेबलवाल्या कूपर्स ओरिजिनल पेल एल या बिअरचं कौतुक करतोय म्हणून घेऊन आलो, तर तळाशी पांढरट साका. ऑफिसातला एक जण म्हणतो उघडायच्या आधी बाटली आडवी करून हळू लोळव, दुसरा म्हणतो वरचं नितळ तेवढंच ओत. काय करू? आणि चांगली-वाईट ओळखायची कशी?

माल्टप्रेमी:
साका म्हणजे यीस्ट, बिनधास्त प्या. झाकण लागल्यावर बाटलीत परत एकदा आंबते, त्यातनंच गॅस तयार होतो, शिवाय आत राहिलेला थोडाफार ऑक्सिजन यीस्ट खाऊन टाकतं म्हणून शिळेपण उशिरा येतं. लोळवायची पद्धत अ‍ॅडलेडचीच, आपण ताक ढवळून घेतो तसं.

होमब्रूवाला:
थोडा असहमत, पारखायची असेल तर आधी लोळवू नका. बाटली फ्रिजमध्ये उभी ठेवा, साधारण ८-१० डिग्रीला आली की अर्धी नितळ ओता आणि पहिला वास लगेच घ्या कारण तो पटकन उडतो. कूपर्सच्या यीस्टमुळे केळं, पेअर असा फळांचा वास येतो, तो यायलाच हवा. मग उरलेली हलवून ओता आणि पुन्हा चाखा, आता पावासारखी चव येईल, तोंडात भरीव लागेल, कडवटपणा जरा बोथट होईल. मला स्वतःला हीच आवडते. बीजेसीपी म्हणजे बिअर परीक्षकांची संस्था, तिच्या गुणपत्रिकेत ५० पैकी चवीला २०, वासाला १२ आणि दिसण्याला फक्त ३ गुण, त्यामुळे गढूळ दिसते म्हणून नाक मुरडू नका. एकूण छापेला १० आणि तोंडात कशी लागते त्याला ५.

अ‍ॅडलेडवासी:
भारी, धन्यवाद! पण बिघडलेली कशी कळेल?

होमब्रूवाला:
ओल्या पुठ्ठ्याचा वास आला तर ऑक्सिजन लागलाय. हिरव्या सफरचंदाचा आला तर कच्ची राहिलीय. लोण्याचा ठळक वास या बिअरमध्ये नको. उघडताच फेस उसळून बाहेर येत राहिला आणि चव आंबट लागली तर बहुतेक नको ते जंतू शिरलेत, ओतून द्या.

माल्टप्रेमी:
आणि दुकानात उन्हात मांडलेली उचलू नका, बाटली तपकिरी असली तरी. उजेडाने हॉप्समधल्या (बिअरला कडवटपणा देणारी फुलं) कडू घटकांची वाट लागते आणि घाणेरडा वास येतो, तो काही केल्या जात नाही.