एसजीपीटी उतरले म्हणजे यकृत बरे झाले का?

उत्तरायण:
"मिल्क थिसलच्या गोळ्यांनी माझे एसजीपीटी ११० वरून ४० वर आले, सर्वांनी घ्याव्यात, वनस्पतीच आहे, डॉक्टरांना सांगण्याची गरज नाही," असा सल्ला पारिजात यांनी काल दिला आणि त्याखाली आभारांची रीघ लागली. त्यातील शेवटच्या वाक्यामुळे मी अस्वस्थ झालो, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

एसजीपीटी म्हणजे यकृताच्या पेशींना इजा झाली की रक्तात वाढणारे द्रव्य. ते औषधाविनाही वरखाली होत असते, आणि माणूस गोळ्या सुरू करतो तो बहुधा आकडा सर्वांत वर असतानाच; मग पुढच्या तपासणीत तो उतरलेला दिसण्याचा संभव मुळातच मोठा असतो. शिवाय फॅटी लिव्हर आहे हे कळल्यावर कोणी केवळ गोळी घेऊन स्वस्थ बसत नाही. दारू सुटते, गोड कमी होते, चालणे वाढते, वजन उतरते आणि श्रेय मात्र बाटलीला मिळते. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत हेपटायटिस सी असलेल्या १५४ रुग्णांना सायलिमरिन (मिल्क थिसलचा अर्क) किंवा प्लासिबो (औषध नसलेली, तशीच दिसणारी गोळी) २४ आठवडे दिले होते, आणि तेही नेहमीपेक्षा मोठ्या मात्रेत. कमी मात्रा, जास्त मात्रा आणि प्लासिबो या तिन्ही गटांत एसजीपीटीचे ठरवलेले उद्दिष्ट गाठणारे प्रत्येकी दोघेच निघाले.

माझ्या थोरल्या भावाचे एसजीपीटी जवळजवळ सामान्य असायचे, आणि तरीही त्याला सिरॉसिस, म्हणजे व्रणांनी यकृत कठीण होण्याचा विकार, निघाला. या एका आकड्यावर विसंबणे किती घातक ठरते, हे आमच्या घराने पाहिले आहे.

पारिजात:
आपल्या भावाबद्दल वाईट वाटले. परंतु त्यांचा आजार आणि माझा अनुभव यांचा संबंध काय, हे मला कळले नाही. माझे वजन किलोभरही उतरले नव्हते आणि दारूला मी कधी स्पर्श केलेला नाही. म्हणजे आपण दिलेली कारणे माझ्या बाबतीत आधीच गळून पडतात. चाचण्याच मोजायच्या, तर १९८९ ची चाचणीही मोजा. सिरॉसिसच्या १७० रुग्णांपैकी सायलिमरिन घेणाऱ्यांत चार वर्षांनी ५८ टक्के हयात होते आणि प्लासिबो घेणाऱ्यांत ३९ टक्के. ही चाचणी आपण का वगळली?

राहिला डॉक्टरांचा प्रश्न. मी पहिल्यांदा अहवाल घेऊन गेले, तेव्हा समोरच्या तज्ज्ञांनी मान वर न करता "वजन कमी करा" एवढेच सांगितले आणि पुढच्या रुग्णाला आत बोलावले. वजन कसे, किती आणि कोणत्या वेगाने कमी करायचे, याबद्दल एक शब्दही नाही. अशा माणसाला मी माझ्या गोळ्यांची यादी कशासाठी द्यावी?

उत्तरायण:
वगळली, कारण १९९८ मध्ये दारूमुळे सिरॉसिस झालेल्या २०० रुग्णांवर पुन्हा चाचणी झाली तेव्हा जगण्याच्या प्रमाणात काहीच फरक आढळला नाही. आपल्याला हवी तेवढीच एक चाचणी उचलून धरणे हा पुरावा नव्हे.

अनुस्वार:
दोन्ही बाजू अतिरेक करत आहेत. या वनस्पतीला निरुपयोगी म्हणणेही चूक आहे. अमॅनिटा फॅलॉइड्स या विषारी अळंबीची बाधा झाल्यास युरोपात मिल्क थिसलमधलेच सिलिबिनिन हे द्रव्य शिरेतून देतात, कारण ते विषाला यकृताच्या पेशींत शिरू देत नाही. अर्थात शिरेतून दिलेले औषध आणि बाटलीतली गोळी एक नव्हे, हेही मान्य करतो. डॉक्टरांबाबत मात्र मी पारिजात यांच्या बाजूने आहे. माझ्या वडिलांनी वनौषधीचा नुसता उल्लेख केला, तर त्यांना चारचौघांत अडाणी ठरवण्यात आले. त्यानंतर त्यांनी तपासणीला जाणेच सोडले.

रुग्णसेविका:
मी यकृतविकाराच्या विभागात काम करते, त्यामुळे या लपवाछपवीचा शेवट कोठे होतो, ते सांगते. गडद कावीळ झालेल्या एक बाई दाखल झाल्या. कोणते औषध घेता, असे तीनदा विचारले आणि तीनदा "काही नाही" हेच उत्तर मिळाले. सगळे विषाणू तपासून झाले, यकृताचा तुकडा काढून तपासला, आणि मग मुलीने पिशवीतून "यकृतशुद्धी"ची बाटली काढली. तिच्यात मिल्क थिसल होतेच. पण अश्वगंधा, हळदीचा तीव्र अर्क आणि ग्रीन टीचा अर्कही होता. मिल्क थिसलने यकृताला इजा झाल्याचे सहसा आढळत नाही, हे मी मोकळेपणाने मान्य करते. बाकीच्या तिन्हींमुळे मात्र इजा झाल्याच्या नोंदी आहेत. अमेरिकेतील औषधजन्य यकृत-इजांच्या नोंदींत वनौषधी आणि आहारपूरकांचा वाटा २००४ ते २०१३ या काळात ७ वरून २० टक्क्यांवर गेला. त्या बाईंनी पहिल्याच दिवशी सांगितले असते, तर गोळ्या त्याच दिवशी थांबल्या असत्या.

पारिजात:
म्हणजे दोष पुन्हा रुग्णाचाच! तुमच्या विभागात "कोणते औषध घेता" असे विचारतात. "कोणते काढे, चूर्णे, गोळ्या घेता, मी रागावणार नाही" असे कोणी विचारते का? बहुतेक माणसांच्या लेखी वनस्पती हे औषधच नसते. त्या बाई खोटे बोलल्या, असे मला वाटत नाही.

रुग्णसेविका:
खोटे बोलल्या, असे मी म्हटलेले नाही. तुमचा आवाज चढला असला, तरी प्रश्न योग्य आहे. आम्ही आता घरातल्या सगळ्या बाटल्या आणायला सांगतो, कारण तोंडी प्रश्नाला खरोखरच अपुरे उत्तर मिळते. मात्र अपमान होईल या भीतीने गप्प राहण्याची किंमत डॉक्टर मोजत नाहीत. ती त्या बाईंनी मोजली.

अनुस्वार:
ही किंमत रुग्णाच्या माथी कोण मारते, याचेही उत्तर द्या. माझे वडील दोन वर्षे तपासणीविना राहिले, ते गोळीमुळे नव्हे, तर एका माणसाच्या जिभेमुळे.

उत्तरायण:
आपल्या वडिलांशी जे झाले ते निंद्य आहे, यात मला शंका नाही. परंतु त्यावरून "डॉक्टरांना सांगू नका" असा सल्ला अनोळखी लोकांना देता येत नाही. वाचणाऱ्यांत रक्त पातळ करणारी गोळी घेणारा असेल, मधुमेही असेल, ज्याचे एसजीपीटी हेपटायटिस बीमुळे वाढले आहे असाही असेल, आणि तो हे वाचून स्वतःची तपासणी पुढे ढकलील.

पारिजात:
ते एक वाक्य मी मागे घेते, तेवढेच. गोळी थांबवणार नाही, कारण मला त्रास झालेला नाही आणि ती अपायकारक नाही, हे रुग्णसेविकांनीही मान्य केले आहे. माझ्या बाटलीत सायलिमरिनशिवाय दुसरे काही नाही, हे लेबलवर वाचून पाहिले आहे.

रुग्णसेविका:
लेबलवर लिहिलेले आणि गोळीत असलेले सारखेच असते, असे समजू नका. गोळी चालू ठेवायची असेल, तर ठेवा. पण फायब्रोस्कॅन, म्हणजे यकृताचा कठीणपणा मोजणारी तपासणी, करून घ्या, कारण व्रण किती आहे ते एसजीपीटी सांगत नाही. आणि वजन सात ते दहा टक्के उतरवल्याने यकृतातली सूज कमी होते, याला जेवढा भक्कम पुरावा आहे, तेवढा या गोळीमागे नाही.

पारिजात:
फायब्रोस्कॅन करीन. वजन कसे उतरवायचे, ते मात्र आता तुम्हीच सांगा; त्या तज्ज्ञांनी सांगितले नाही.