नैराश्याची गोळी बंद केली आणि झोप उडाली: आजार परतला की गोळी सुटल्याचा त्रास?

कर्वेनगर_कमान

नमस्कार मंडळी. आईचं वय ६३. एस्सिटालोप्राम १० मिग्रॅची गोळी रोज रात्री, ३ वर्षं चालू होती. वर्षभर तब्येत उत्तम, म्हणून मागच्या भेटीत डॉक्टर म्हणाले, "आता हळूहळू कमी करायला हरकत नाही." कसं करायचं ते विचारायचं राहून गेलं. आईने ३ आठवडे गोळी एक दिवसाआड घेतली आणि मग थांबवली. आज ९वा दिवस.

तिसऱ्या दिवसापासून रात्री १ वाजेपर्यंत झोप नाही, पहाटे ३-४ला दचकून जाग, अंगाला घाम, स्वप्नं इतकी ठसठशीत की उठल्यावरही खरी वाटतात. मान वळवली की डोक्यात करंट बसल्यासारखं होतं, चालताना तोल जातो. चिडचिड आहे, पण पूर्वीसारखी उदासी किंवा 'जगून काय करायचं' असं बोलणं अजिबात नाही.

हा आजार परत आला म्हणायचा का? शेजारच्या काकूंनी झोपेसाठी सर्दीची गोळी सुचवली आहे, ती द्यावी का? आणि कमी करायचंच असेल तर नीट पद्धत काय?

सदाशिव_औषधी

आधी स्ट्रिप उलटी करा आणि मागचे घटक वाचा. आपल्याकडे एस्सिटालोप्राम पुष्कळदा एकटं लिहून दिलेलं नसतं, त्याच गोळीत क्लोनाझेपाम ०.५ मिग्रॅ असतं. नावापुढे बहुतेक वेळा 'प्लस' लागलेलं असतं आणि घरातले वर्षानुवर्षं त्याला एकच औषध समजतात. तसं असेल तर आईंची दोन औषधं एकदम सुटली आहेत.

क्लोनाझेपाम रोज ३ वर्षं घेऊन अचानक थांबवलं तर झोप उडणं, घाम, हातांना कंप, घाबरणं हे होऊ शकतं, क्वचित फिटही येते. शरीरातलं त्याचं प्रमाण निम्म्यावर यायला ३०-४० तास लागतात, त्यामुळे त्रास पहिल्या दिवशी दिसत नाही, काही दिवसांनी डोकं वर काढतो. घटकांत क्लोनाझेपाम दिसलं तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट पाहू नका, आजच डॉक्टरांना फोन करा. फिट, कंप वाढत जाणं, नसलेल्या गोष्टी दिसणं, बोलणं असंबद्ध होणं, यातलं काहीही झालं तर थेट कॅज्युअल्टी.

सर्दीची गोळी देऊ नका. कारण झोपेवर लिहिणारं कोणी पुढे सांगेलच.

एक दिवसाआड घेण्याबद्दल: हा उपाय घरोघरी केला जातो आणि तो चुकीचा आहे. एस्सिटालोप्राम साधारण ३० तासांत निम्मं होतं. रोज घेतलं तर पातळी बऱ्यापैकी सपाट राहते. ४८ तासांचं अंतर ठेवलं तर पुढच्या गोळीपर्यंत जेमतेम एक तृतीयांश उरतं. म्हणजे मेंदूला दर दोन दिवसांनी एकदा औषध मिळतं आणि एकदा तुटतं. नैराश्याच्या इतर औषधांत पॅरॉक्सेटिनचं याहून वाईट, त्याचा हा काळ २१ तासांच्या आसपास. व्हेन्लाफॅक्सिनचा तर ५ तास, त्याचा एक डोस चुकला तरी संध्याकाळपर्यंत कळतं. फक्त फ्लुओक्सेटिन आणि त्यापासून शरीरात तयार होणारा पदार्थ कित्येक दिवस टिकतो, म्हणून ते सुटताना सहसा कमी छळतं. औषध कमी करायचं म्हणजे गोळीचा आकार कमी करायचा, दिवस गाळायचे नाहीत.

मुठेकाठचा

आजार की गोळी सुटल्याचा त्रास, हे ओळखायला तीन गोष्टी पाहतात. पहिली वेळ. सुटल्याचा त्रास डोस कमी केल्यावर काही दिवसांत येतो, मूळ आजार बहुधा काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी हळूहळू परततो. दुसरी लक्षणांची जात. डोक्यात करंट, तोल जाणं, मळमळ, भडक स्वप्नं ही नैराश्याची लक्षणं नव्हेत. आईंना ३ वर्षांपूर्वी हे झालं नसेल तर उत्तर जवळपास मिळालंच. तिसरी, डॉक्टरांनी डोस परत सुरू केला तर सुटल्याचा त्रास बहुधा २-३ दिवसांत ओसरतो. नैराश्य असतं तर सुधारायला आठवडे लागले असते.

हा फरक मला फार महत्त्वाचा वाटतो. तो न कळल्यामुळे 'गोळीशिवाय हिचं चालतच नाही' असा शिक्का माणसावर बसतो आणि पुढची दहा वर्षं गोळी चालू राहते.

एक अपवाद ध्यानात ठेवा. झोप ३-४ तासच, तरी थकवा नाही, उलट उत्साह उतू जातोय, बोलणं थांबत नाही, खर्च वाढलाय, असं असेल तर ते वेगळं प्रकरण आहे. ते लगेच मानसोपचारतज्ज्ञांना सांगावं.

शंका_रास्त

नेटवर हे फार फुगवून लिहितात असं वाटतं. बहुतेकांची गोळी काहीही न होता सुटते.

मुठेकाठचा

बहुतेकांची सुटते हे खरं. २०२४ मध्ये वैद्यकीय नियतकालिक लॅन्सेट सायकिअ‍ॅट्रीत आलेल्या एकत्रित विश्लेषणात, नुसत्या भीतीने होणारा त्रास वजा केल्यावर साधारण ६-७ जणांत एकाला लक्षणं येतात आणि तीव्र त्रास सुमारे ३५ जणांत एकाला होतो, असं निघालं. आधी २०१९ मध्ये आलेला, लक्षणं येणाऱ्यांचा ५६ टक्क्यांचा आकडा त्यामानाने खूप मोठा होता. पण २०२४ च्या विश्लेषणातल्या पुष्कळ चाचण्यांत लोकांनी औषध काही आठवडे किंवा महिनेच घेतलं होतं. ३ वर्षं रोज घेतलेल्या माणसाला तो आकडा जसाच्या तसा लावता येत नाही. आणि ज्या घरात त्रास होतोय त्या घराला सरासरीचा उपयोग नसतो.

कर्वेनगर_कमान

सदाशिव_औषधी, तुमचे उपकार कसे मानू. स्ट्रिपवर 'प्लस' आहे आणि आत क्लोनाझेपाम ०.५. डॉक्टरांशी फोनवर बोललो. गोळी आज रात्रीपासून परत सुरू करायला सांगितली, परवा बोलावलं आहे. परवा त्यांना नेमकं काय विचारू?

सदाशिव_औषधी

पहिली मागणी: दोन्ही औषधं वेगळी लिहून द्या. एकत्र गोळी मोडली की दोन्ही औषधं एकाच वेळी निम्मी होतात आणि त्रास कशाचा ते कुणालाच कळत नाही. एस्सिटालोप्राम ५ आणि १० मिग्रॅमध्ये सुटं मिळतं, क्लोनाझेपाम ०.५ आणि ०.२५ मध्ये. आधी कोणतं कमी करायचं ते डॉक्टर ठरवतील, पण एका वेळी एकच.

दुसरी: पायऱ्या कागदावर लिहून घ्या. इथे गणित उलटं आहे, ते समजून घ्या. गोळी आणि मेंदूवरचा परिणाम सरळ रेषेत चालत नाहीत. १० मिग्रॅवर सेरोटोनिन (मेंदूतलं निरोप पोचवणारं रसायन) परत ओढून घेणाऱ्या वाहकांपैकी सुमारे ८० टक्के अडवलेले असतात, ५ वर आलात तरी सुमारे ७० टक्के. अडीचवर ६० च्या थोडं खाली. म्हणजे १० वरून ५ वर येणं सोपं जातं, माणसाला धीर येतो, आणि मग अडीचवरून शून्यावर एका उडीत उरलेलं सगळं निघून जातं. लोक शेवटच्या तुकड्यावरच आपटतात, ते त्यामुळे. हॉरोविट्झ आणि टेलर या संशोधकांनी २०१९ मध्ये हे मांडलं, आणि ब्रिटनमधल्या नाइस या आरोग्यसंस्थेच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनाही सांगतात की आधीच्या डोसच्या ठरावीक हिश्शाने, उदाहरणार्थ निम्म्याने, कमी करावं आणि खाली आल्यावर हिस्सा पाव करावा.

व्यवहारात १० → ७.५ → ५ → ३.७५ → २.५ → १.२५ आणि त्याखालीही एक-दोन पायऱ्या. प्रत्येक पायरीवर २ ते ४ आठवडे. त्रास झाला तर आधीच्या पायरीवर परत जायचं, स्थिर व्हायचं, पुढची पायरी लहान घ्यायची. ६ महिने लागले तरी लागू द्यावेत.

अडीचपर्यंत गोळी कापण्याच्या डबीने जमतं (सुरीने तुकडे कमीजास्त होतात, चुरा सांडतो). त्याखाली डॉक्टरांना विचारून पाण्यात मिसळायची रीत वापरतात: ५ मिग्रॅची साधी गोळी बारीक करून १० मिली पाण्यात, म्हणजे १ मिलीत अर्धा मिग्रॅ. पूड पूर्ण विरघळत नाही, खाली बसते, म्हणून जोरात हलवून लगेच बिनसुईच्या सिरिंजने मोजून घ्यायचं. १.२५ साठी अडीच मिली. उरलेलं टाकून द्यायचं, उद्यासाठी ठेवायचं नाही. चव कडू असते.

वाचणाऱ्या इतरांसाठी: ही रीत साध्या गोळीचीच. एक्सआर, ईआर, सीआर असं लिहिलेल्या, म्हणजे औषध हळूहळू सोडणाऱ्या गोळ्या मोडल्या तर दिवसभराचं औषध एकदम सुटतं. ड्युलोक्सेटिन या नैराश्याच्या औषधाच्या कॅप्सूलमधले दाणेही चुरडू नयेत, वरचं आवरण गेलं की पोटातल्या आम्लात ते निकामी होतं.

पहाट_साडेपाच

झोपेचं मी सांगते. एस्सिटालोप्रामसारखी औषधं स्वप्नांची झोप, म्हणजे रेम, दाबून ठेवतात. औषध निघालं की मेंदू ती थकबाकी वसूल करतो. रेम लवकर सुरू होते, जास्त वेळ चालते आणि पहाटे सर्वांत दाट असते. म्हणून स्वप्नं भडक आणि जाग नेमकी ३-४ला. हे आईंना शब्दांत समजावून सांगा. स्वप्नांचा अर्थ लावत बसलं की भीती वाढते.

सर्दीच्या गोळीने गुंगी येते खरी, पण ६३व्या वर्षी रात्री उठताना तोल जाणं, तोंड कोरडं, लघवी अडकणं, गोंधळ हे सगळं वाढतं. शिवाय पायांत रात्री वळवळ, ओढ असेल तर या गोळ्या ती वाढवतात. तशी वळवळ असेल तर डॉक्टरांना फेरिटिनची (शरीरातल्या लोहाच्या साठ्याची) तपासणी करावी का ते विचारा.

उठण्याची वेळ एकच ठेवा, समजा ६, रात्र कशीही गेली तरी. लवकर अंथरुणावर पडू नये, डोळे मिटायला लागल्यावरच जावं. १५-२० मिनिटं टक्क जाग राहिली (अंदाजानेच, घड्याळ खोलीबाहेर) तर उठून दुसऱ्या खोलीत मंद उजेडात बसावं, जपमाळ, विणकाम काहीही चालेल, मोबाइल नको. शेवटचा चहा दुपारी २च्या आत. दुपारची झोप २० मिनिटं, तीही ३च्या आधी. झोपेत हातपाय झाडत असतील किंवा ओरडत असतील तर पलंगाशेजारचा काचेचा टेबल हलवा आणि डॉक्टरांना वेगळं सांगा.

एक पुण्यापुरतं. गणपतीच्या दहा दिवसांत नवीन पायरी सुरू करू नका. ढोल-ताशे, जागरणं, पाहुणे, अवेळी जेवण, आणि मिरवणूक दुसऱ्या दिवसापर्यंत. झोप बिघडली तर दोष डोसचा की आवाजाचा ते कळणार नाही. चालू डोस तसाच ठेवून उत्सव पार पाडा. दिवाळीत गावी जाणार असाल तर औषध १५ दिवस जादा जवळ ठेवा.

कर्वेनगर_कमान

आई मंडईत स्कूटरने जाते. ते?

पहाट_साडेपाच

करंट आणि चक्कर पूर्ण थांबेपर्यंत नाही. हे झटके डोळे किंवा मान बाजूला फिरवली की येतात, आणि कर्वे रस्त्यावर आरसा आणि मागची वाहनं पाहताना नेमकी तीच हालचाल होते. पुढे प्रत्येक पायरीनंतरचे पहिले ८-१० दिवसही रिक्षानेच जाऊ द्या.

मुठेकाठचा

मधल्या काळात तुमचे डॉक्टर सापडले नाहीत तर ससूनमध्ये मानसोपचार विभागाची ओपीडी आहे, येरवड्याला प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. रात्री-अपरात्री टेलिमानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, १४४१६, मोफत, मराठीत बोलता येतं. मरणाचे विचार बोलून दाखवले तर गोळीचा दोष की आजाराचा हे ठरवत न बसता त्याच क्षणी फोन करा आणि आईंना एकटं सोडू नका.

परवा जाताना एक वही न्या: तारीख, डोस, झोपल्याची आणि उठल्याची वेळ, करंट किती वेळा, मूड दहापैकी किती. ९ दिवसांचं आठवेल तेवढं आजच लिहून काढा, रिकामी स्ट्रिपही सोबत ठेवा.