हिंसा-प्रतिबंधाचं अनुदान: परिणाम मोजायचा कसा?

प्रश्न: आमचा ट्रस्ट शिरोळ-करवीरमधल्या संस्थांना घरगुती हिंसा रोखण्यासाठी अनुदान देतो. वर्षभरात तक्रारी वाढल्या. पैसे वाया गेले का?

उत्तर १: तसं नाही. बायका बोलू लागल्या की सुरुवातीला तक्रारी वाढू शकतात. काम सुरू होण्याआधी पाहणी करा, तेच प्रश्न १२ आणि २४ महिन्यांनी पुन्हा विचारा. अनुदान नसलेली दोन-तीन गावंही घ्या, नाहीतर तुलना कशाशी करणार?

उत्तर २: बाईला एकटीलाच विचारा. सासू उंबऱ्यात असेल तर खरं उत्तर विसराच. कागदावर नावाऐवजी क्रमांक घाला. कार्यकर्तीजवळ १८१ ही महिला हेल्पलाइन आणि २००५ च्या घरगुती हिंसाविरोधी कायद्याखालच्या संरक्षण अधिकाऱ्याचा नंबर हवाच.

उत्तर ३: हप्ता शिबिरांच्या संख्येवर बांधू नका, नुसते फोटो येतात! पाठपुरावा किती प्रकरणांत झाला ते बघा. आणि निधी परदेशी असेल तर थांबा: एफसीआरए म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्यातल्या २०२० च्या दुरुस्तीनंतर असा पैसा दुसऱ्या संस्थेला देता येत नाही.