प्रकल्प व्यवस्थापकांनी पीएमपी करावे, असा कंपन्यांचा आग्रह का असतो?

प्रश्न :
मी पुण्यातील एका सॉफ्टवेअर कंपनीत प्रकल्प व्यवस्थापक आहे. पीएमपी (प्रोजेक्ट मॅनेजमेंट प्रोफेशनल) या प्रमाणपत्राच्या परीक्षेचे शुल्क कंपनी भरणार आहे. मात्र त्यानंतर दोन वर्षे नोकरी सोडणार नाही, असे लिहून मागितले आहे. एवढा खर्च करून कंपनीच्या पदरात नेमके काय पडते?

प्रतिसाद १ :
मी निविदा विभागात काम करते, त्यामुळे मला पहिले कारण तेच दिसते. अनेक सरकारी निविदांत तांत्रिक मूल्यांकनाला स्वतंत्र गुण असतात आणि नियोजित प्रकल्प व्यवस्थापकाचा बायोडेटा त्यातच तपासला जातो. पीएमपी किंवा प्रिन्स२ (प्रकल्प व्यवस्थापनाचेच दुसरे एक प्रमाणपत्र) असल्यास गुण वाढतात. काही ठिकाणी तर ती पात्रतेचीच अट असते. प्रमाणपत्राची मुदत संपलेली असेल, तर पंधरा वर्षांचा अनुभव असलेल्या माणसाचे नावही बाजूला ठेवावे लागते.

प्रतिसाद २ :
निविदेचे कारण खरे आहे, पण तेवढ्यावर थांबू नये. अमेरिकेतील प्रोजेक्ट मॅनेजमेंट इन्स्टिट्यूटने ही परीक्षा १९८४ मध्ये सुरू केली. चार वर्षांची पदवी असलेल्या उमेदवारालाही प्रकल्पांचे नेतृत्व केल्याचा ३६ महिन्यांचा अनुभव आणि साधारणपणे ३५ तासांचे प्रशिक्षण दाखवावे लागते, म्हणजे नुसत्या पाठांतरावर हे प्रमाणपत्र मिळत नाही. खरा लाभ रोजच्या कामात दिसतो. ग्राहकाने फोनवर ‘एवढा एक रिपोर्ट वाढवून द्या’ म्हटले की पुष्कळ व्यवस्थापक भिडेखातर होकार देतात आणि मग टीम शनिवार-रविवार राबते. शिस्तीत काम करणारा व्यवस्थापक तीच मागणी बदलाच्या नोंदीत लिहितो, वाढणारे दिवस आणि खर्च मांडतो आणि ग्राहकाची लेखी संमती आल्यावरच काम हाती घेतो. ही पद्धत सर्व व्यवस्थापकांच्या अंगवळणी पडली, तर एकाने मध्येच प्रकल्प सोडला तरी दुसऱ्याला त्याच्या नोंदी वाचून पुढे जाता येते. माझ्या मते कंपनी पैसे मोजते ते यासाठी. अर्थात, वरिष्ठच तोंडी आश्वासने देत असतील, तर खालच्या व्यवस्थापकाचे प्रमाणपत्र फारसे उपयोगी पडत नाही.

प्रतिसाद ३ :
करारावर सही करण्यापूर्वी, मुदतीआधी नोकरी सोडल्यास करायच्या परतफेडीची रक्कम काळानुसार कमी होते का, हे अवश्य पाहा. प्रमाणपत्र तुमच्या नावावर असते, कंपनीच्या नव्हे. मात्र ते टिकवण्यासाठी दर तीन वर्षांत ६० पीडीयू (पुढील व्यावसायिक शिक्षणासाठी मिळणारे गुण) मिळवावे लागतात. त्याचा आणि नूतनीकरणाचा खर्च कोण करणार, हेही आताच लेखी घ्यावे.